जुन्या डॉजचा मागचा ड्रम निघत नाही तेव्हा

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. आजोबांची १९५४ सालची डॉज किंग्जवे वीसेक वर्षं शेडमध्ये उभी होती, ती तुम्ही पुन्हा रस्त्यावर आणायला घेतली आहे. पुढचे दोन्ही ड्रम, म्हणजे चाकामागच्या ब्रेकचे गोल डबे, निघाले. मागच्या डाव्या बाजूचा निघत नाही. चाक हाताने फिरतं, आत लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) घासल्याचा आवाज येतो, एक्सलचा मोठा नट काढून झाला आहे, पण ड्रम केसभरही बाहेर सरकत नाही. मिस्त्रींनी दोन पायांचा पुलर ड्रमच्या कडेला अडकवून ओढला, तर कडेचा छोटा टवका उडाला. त्याआधी चाक काढताना एक बोल्ट तुटला होता. आता ते म्हणतात की गॅसने लाल करू आणि घण घालू. करू द्यावं का, हा तुमचा प्रश्न.

करू देऊ नका. आणि तो दोन पायांचा पुलरही आता बाजूला ठेवा. तुमचा ड्रम वाचण्यासारखा आहे, आणि या गाडीचा ड्रम गेला तर दुसरा मिळवणं हे इंजिनाच्या कामापेक्षा जड जातं.

ड्रम अडकला म्हटलं की बहुतेक गॅरेजांत पहिला हात हातोड्याकडे जातो. मी पहिल्यांदा बघतो की त्याला नेमकं धरलंय कुणी. जुन्या गाडीत ड्रमला तीन गोष्टी धरू शकतात. एक, आतले ब्रेक शू, म्हणजे लायनर लावलेल्या आणि ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी: त्या जागी ते गंजाने चिकटलेले असतात किंवा ब्रेक ऑइलच्या दाबाने आवळलेले राहतात. दोन, झिजलेल्या ड्रमच्या आतल्या कडेला तयार झालेली कोर. ड्रम थोडा बाहेर येतो आणि ती कोर लायनरला अडते. तीन, एक्सल आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) यांची घट्ट बसलेली जोडणी. तिन्हींची लक्षणं वेगळी आहेत. चाक फिरतच नसेल तर शू. फिरतं, थोडं पुढे येतं आणि ठक्कन अडतं, तर कोर. मोकळं फिरतं पण बाहेर यायचं नावच घेत नाही, तर हबची जोडणी. तुमचं तिसरं आहे. शूंचा यात काही दोष नाही, म्हणून ड्रमच्या कडेला कितीही ओढलं तरी उपयोग होणार नव्हता. ती कड बिडाची असते. ओढ कडेला आणि पकड मध्यभागी, म्हणजे मधला सगळा पत्रा नि बीड वाकणार किंवा फुटणार.

आता ही जोडणी कशी आहे ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. क्रायस्लर घराण्याच्या त्या काळच्या गाड्यांत, म्हणजे डॉज, प्लिमथ, डी सोटो या सगळ्यांत, मागच्या एक्सलचं बाहेरचं टोक निमुळतं घासलेलं असतं, यालाच टेपर म्हणतात. हबचं भोकही आतून तसंच निमुळतं. दोन्हींत खाच असते आणि खाचेत चौकोनी चावी बसते. बाहेरून मोठा कॅसल नट (तोंडाला खाचा असलेला) हबला त्या टेपरवर आत दाबतो आणि तो फिरू नये म्हणून खाचेतून स्प्लिट पिन लागते. लोकांना वाटतं इंजिनाचा जोर चावीतून चाकाला जातो. तसं नाही. जोर टेपरच्या घर्षणातून जातो, चावी आधाराला असते. टेपरचा कोन इतका कमी असतो की एकदा दाबून बसवला की नट काढला तरी हब आपण होऊन सुटत नाही. त्यात इतक्या वर्षांच्या धावण्याचे झटके आणि वीस वर्षांचा ओलावा जमा झाला की तो एक्सलचाच भाग असल्यासारखा वागतो. हब आणि ड्रम या गाडीत एकत्रच निघतात, हेही लक्षात असू द्या. पुढच्या चाकांचे ड्रम बेअरिंगवर असतात, नट काढला की हातात येतात. त्यामुळे पुढचे सहज निघाले म्हणून मागचेही तसेच निघतील अशी अपेक्षा होते, आणि तिथेच गफलत होते.

दुसरा मुद्दा तुटलेल्या बोल्टचा. या गाड्यांना चाकं स्टड आणि नटांनी नाही, थेट बोल्टांनी लागतात. पाच बोल्ट, अर्धा इंची. डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. बोल्टच्या डोक्यावर बहुधा एल अक्षर कोरलेलं असतं, गंज आणि रंगाखाली ते दिसत नाही. म्हणजे डावीकडचा बोल्ट सैल करायला पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. नेहमीच्या सवयीने उलटा फिरवला की बोल्ट आणखी आवळत जातो आणि शेवटी तुटतो. उरलेले बोल्ट लावता-काढताना हे मिस्त्रींना सांगून ठेवा.

तुटलेला तुकडा आधी काढा, कारण पुलर पाचही भोकांवर सारखा बसायला हवा. इथे उलट्या आट्यांचा एक फायदा आहे. मध्यभागी नीट पंच मारून नेहमीच्या ड्रिलने भोक पाडायला घ्या, पण सावकाश. ड्रिल ज्या दिशेला फिरतं तीच या तुकड्याची सुटायची दिशा आहे. बऱ्याचदा ड्रिल पकड घेतं आणि तुकडा त्याच्याबरोबर फिरत बाहेर येतो. बाजारात मिळणारा नेहमीचा बोल्ट एक्स्ट्रॅक्टर इथे वापरू नका. तो डावीकडे फिरवून पकड घेतो, म्हणजे तुमचा तुकडा उलट घट्ट होईल. तुकडा हलतच नसेल तर भोक थोडं मोठं करा, भेदक तेलाचे थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि पुन्हा ड्रिल लावा.

काम सुरू करण्याआधी गाडी कशी उभी करता याकडे मी फार लक्ष देतो. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर आहे. एक मागचं चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे मधले गिअर) ते मोकळं फिरू शकतं, मग हँडब्रेक ओढलेला असला आणि गिअरही टाकलेला असला तरी गाडी पुढे-मागे सरकू शकते. जमिनीवरच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून जाड गुटके लावा, सपाट फरशीवर काम करा, आणि एक्सल हाउसिंगखाली भक्कम घोडी लावून जॅकवरचा भार काढून घ्या. विटांच्या थरावर गाडी ठेवून पुलर आवळायचा नाही. वीट दबावाखाली न सांगता फुटते.

मग बॅकप्लेटमागे, म्हणजे ड्रमच्या आतल्या बाजूच्या न फिरणाऱ्या चकतीमागे, जा. तिथे ब्रेक ऑइलचा ब्लीडर निपल (ऑइल बाहेर सोडायची छोटी तोटी) आहे, तो उघडा. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीत रबरी होज आतून फुगून बंद झालेला असू शकतो. ऑइल चाकाकडे जातं, परत येत नाही, आणि शू ड्रमला दाबलेले राहतात. निपल उघडल्यावर पिचकारी आली तर समजायचं की दाब अडकला होता. तुमचं चाक फिरतंय, त्यामुळे दाब फारसा नसेल, पण हे दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढे ड्रम सरकायला लागला की त्याचा उपयोग होतो. तिथेच शू मागे घ्यायचे दोन कॅम (फिरवले की शू पुढे-मागे सरकवणारे तुकडे) आहेत, प्रत्येक शूला एक. त्यांची बोल्टसारखी डोकी प्लेटच्या मागून दिसतात. ड्रम हाताने फिरवत एक कॅम थोडा वळवा. घासण्याचा आवाज वाढला तर चुकीची दिशा, कमी झाला तर बरोबर. दोन्ही पूर्ण मागे घ्या. कॅम जाम असेल तर पान्याला पाइप लावून पिळू नका, डोकं उडेल. तारेच्या ब्रशने साफ करा, भेदक तेल घाला आणि दुसऱ्या दिवशी बघा.

आता पुलर. तुम्हाला हवा आहे तो हब पुलर. तो ड्रमच्या कडेला धरत नाही, चाकाच्या बोल्टांच्या भोकांवर आवळला जातो आणि मधला मोठा स्क्रू एक्सलच्या टोकावर दाब देतो. ओढ बरोबर तिथे लागते जिथे टेपर धरून बसला आहे. मुंबईत किंवा पुण्यात जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या एखाद्या वयस्कर फिटरकडे तो मिळण्याची शक्यता चांगली आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, त्यामुळे डॉज, प्लिमथ आणि डी सोटोची कामं इथल्या एका अख्ख्या पिढीने केली. त्या पिढीची हत्यारं अजून कुणाच्या तरी पेटीत पडलेली असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात चौकशी करायला हरकत नाही. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपच्या मागच्या एक्सललाही टेपर आणि चावीच असते, म्हणून जुन्या जीपच्या गॅरेजातही विचारा. जीपचीही पाच बोल्ट-भोकं असतात, पण अंतर वेगळं. पुलरचे पाय सरकवता येणारे असतील तर जुळवता येतं.

नाहीच मिळाला तर लेथवाल्याकडून करून घ्या. तुमच्या ड्रमवरच्या पाच भोकांचं वर्तुळ साडेचार इंच व्यासाचं असतं, तरी आपल्या ड्रमवर मोजूनच भोकं पाडायला सांगा. जाड लोखंडी प्लेट, मध्यभागी आणखी जाडीचा तुकडा वेल्ड केलेला, त्यात बारीक आट्यांचा साधारण एक इंची स्क्रू. स्क्रू साध्या माइल्ड स्टीलचा नको, मजबूत पोलादाचा हवा, नाहीतर टोक चेपून बसेल. स्क्रूच्या डोक्याला दोन्ही बाजूंना पंख असलेला जाड पाना हवा, ज्यावर हातोडा मारता येतो. बोल्टांचं मात्र विसरू नका. डाव्या ड्रमच्या भोकांत उलटे आटे आहेत, बाजारातला अर्धा इंची बोल्ट तिथे जाणारच नाही. चाकाचे मूळ बोल्ट जाड प्लेटीतून पुरेसे आत पोचतात का ते आधी बघा. हबच्या आट्यांत बोल्ट किमान आपल्या व्यासाइतका, म्हणजे अर्धा इंच तरी गेला पाहिजे. नसेल जात तर उलट्या आट्यांचे लांब बोल्ट लेथवर करून घ्या. दोन-तीन आट्यांवर आवळलेला पुलर ताणाखाली सुटला तर हबचे आटे घेऊनच येतो.

पुलर लावण्याआधी एक्सलचा नट परत चढवा. हे मी प्रत्येक वेळी ठासून सांगतो, कारण माणसं हेच टाळतात. नट चढवून मग सैल करत इतका मागे आणा की त्याचं बाहेरचं तोंड एक्सलच्या टोकाशी सपाट होईल किंवा टोक किंचित बाहेर राहील, आणि नट व हब यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा उरेल. टेपर सुटतो तेव्हा तो हळूहळू सुटत नाही. पुलरमध्ये साठलेला सगळा ताण एका क्षणात मोकळा होतो आणि ड्रम पुलरसकट उडतो. नट असेल तर तो चार मिलिमीटरवर थांबतो. नट नसेल तर तो गुडघ्यावर, छातीवर, कुठेही येऊ शकतो. शिवाय पुलरचा स्क्रू दाबत असताना एक्सलचे आटे पसरू नयेत, यालाही नटाचा आधार मिळतो.

आता आवळायचं. पुलरच्या स्क्रूच्या आट्यांना आणि टोकाला ग्रीस लावा. एक्सलच्या टोकात मध्यभागी एक छोटा खड्डा असतो, स्क्रूचं टोक त्यातच बसलं पाहिजे. पाचही बोल्ट सारखे आवळा, प्लेट ड्रमला समांतर आहे ना ते चारी बाजूंनी डोळ्याने बघा. मग पंखाच्या पान्यावर हातोडा मारून स्क्रू आवळत न्या. काही फटक्यांनंतर पान्याचा आवाज बदलतो. आधी तो बोदा असतो, मग टणटणीत होतो. तिथे थांबा. मध्यम वजनाचा हातोडा घ्या आणि हबच्या भोवती, बोल्टांच्या मधल्या जाड भागावर, फिरत फिरत टकटक करा. जोरात नाही. कंपनाने टेपर सुटतो, ताकदीने नाही. पुन्हा स्क्रूवर एक-दोन फटके, पुन्हा टकटक. असं तीन-चार वेळा केल्यावर काही झालं नाही तर पुलर तसाच ताणात ठेवून घरी जा. होय, रात्रभर. आसपास मुलं येणार नाहीत आणि कुणी ड्रमच्या समोर उभं राहणार नाही एवढी काळजी घ्या. अनेक हट्टी ड्रम रात्रीत कुणी हात न लावता सुटतात, आणि सुटताना बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. सकाळी पुन्हा थोडं आवळा, पुन्हा टकटक.

या काळात भेदक तेलाचा किती उपयोग होतो, हे लोक नेहमी विचारतात. टेपर नीट बसलेला असेल तर तेलाला आत शिरायला जागाच नसते. चावीच्या खाचेतून मात्र थोडं झिरपतं, म्हणून खाच वर येईल असा ड्रम फिरवून तेल तिथे सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि अ‍ॅसिटोन यांचं घरचं मिश्रण करणारेही आहेत. चालतं, पण ते ज्वालाग्राही आहे. ज्या दिवशी ते घातलं त्या दिवशी ज्योत जवळ आणायची नाही.

एक गोष्ट पुलरच्या स्क्रूच्या टोकावर सरळ मारण्याबद्दल. काही जण स्क्रूच्या डोक्यावर घणाचा फटका देतात, ड्रम निघतोही. पण या एक्सलमध्ये दोन्ही बाजूंचे शाफ्ट डिफरन्शियलच्या मधोमध एका ठोकळ्यावर टेकलेले असतात. डाव्या शाफ्टवर मारलेला फटका त्या ठोकळ्यातून उजव्या शाफ्टकडे आणि त्याच्या बेअरिंगकडे जातो. ड्रम निघाल्याच्या आनंदात ते कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे गाडी चालायला लागली की मागून घरघर सुरू होते, आणि मग डिफरन्शियल उघडावं लागतं. म्हणून फटके पान्याच्या पंखांवर मारा, शाफ्टच्या रोखाने नाही.

दोन-तीन दिवस असं करूनही हब हलला नाही, तरच उष्णता. मिस्त्रींचं म्हणणं तत्त्वतः चूक नाही, पण लाल करण्याची कल्पना चूक आहे. हेतू एकच असतो: हब प्रसरण पावला पाहिजे आणि एक्सल थंडच राहिला पाहिजे. म्हणून पुलर पूर्ण ताणात ठेवून एलपीजीच्या ब्लो टॉर्चची रुंद ज्योत फक्त हबच्या बाहेरच्या गोलाईवर, सतत फिरती ठेवून द्या. ज्योत एक्सलच्या टोकाकडे जाऊ देऊ नका. हबवर टाकलेला पाण्याचा थेंब चर्रकन उडाला की पुरे, त्यापुढे जायची गरज नाही. लगेच टकटक सुरू करा. फार वेळ मंद ज्योत धरून बसलात तर एक्सलही तापतो आणि सगळा उद्योग फुकट जातो. ऑक्सिजनची ज्योत मी अशा जागी आणत नाही. एकाच ठिकाणी बीड तापतं, तडा जातो, ड्रम वाकडा होतो. तापलेल्या ड्रमवर पाणीही टाकायचं नाही, कारण तेच. हबच्या मागे ऑइल सील आणि बेअरिंगमधलं ग्रीस आहे, खाली व्हील सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल आहे, त्यामुळे आग विझवण्याची सोय हाताशी ठेवा. तापवल्यानंतर सील नवं बसवायचंच असं धरून चाला.

आणि ज्योत वापरणार असाल तर त्याआधी ब्रेक क्लीनरचा फवारा मारू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं, ते तापलं की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. थोडा श्वासात गेला तरी जिवावर बेतू शकतं. साफसफाई करायचीच असेल तर साबणाच्या पाण्याने करा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. धुळीबद्दलही सांगतो. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रम निघाल्यावर आत काळी भुकटी दिसेल, तिला कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही आणि कोरड्या ब्रशने झाडायचीही नाही. चांगला मास्क लावा, पाणी शिंपडून ओली करा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधली पोरं हवा मारून ड्रम साफ करतात, त्यांना त्यापासून थांबवणं तुमच्या हातात आहे.

एवढ्यानेही नाही निघाला तर दहा टनी हायड्रॉलिक पुलर असलेल्या गॅरेजला बोलवा. त्याचा दाब सारखा आणि शांत असतो. ड्रम कापून काढणं हा मार्ग आहे, पण तुमच्या गाडीसाठी मी तो सुचवणार नाही.

गाडी चालू स्थितीत असेल, तर एक जुनी युक्ती आहे. नट एक-दोन आटे सैल करायचा, स्प्लिट पिन परत घालायची, चाक लावायचं आणि मोकळ्या अंगणात अगदी सावकाश इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवायची, मध्येच ब्रेक लावायचा. वळणाच्या भाराने टेपर सुटतो. तुमच्या गाडीचे ब्रेक उघडलेले आहेत, त्यामुळे हे तुम्ही करायचं नाही. उजव्या बाजूच्या ड्रमसाठी पुढे कधीतरी उपयोगी पडेल, म्हणून सांगून ठेवलं.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे वेगळी गाडी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉरिस मायनरचा ड्रम दोन बुडक्या डोक्याच्या स्क्रूंनी धरलेला असतो. ते स्क्रू गंजतात आणि साध्या स्क्रू ड्रायव्हरने खाच झिजते. हातोड्याचा फटका घेऊन फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. काही गाड्यांच्या ड्रमला दोन जादा आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट आवळले की ड्रम हबपासून स्वतःच ढकलला जातो. ती भोकं रंगाने बुजलेली असतात, शोधा. फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या ड्रमला टेपर नसतो, दाते असतात. तिथे खरी लढाई ३६ मिलिमीटरच्या नटाशी असते. तो साधारण २५० फूट-पाउंडांनी आवळलेला असतो, म्हणून चाक जमिनीवर असतानाच सैल करून घ्या.

तुमच्याकडे परत येतो. टेपर सुटला की नट आणि पुलर काढा आणि ड्रम दोन्ही हातांनी सरळ ओढा. अर्ध्यात अडला तर ती कोर लायनरला लागली आहे. परत आत ढकला, कॅम अजून मागे घ्या, ड्रम थोडा फिरवून पुन्हा ओढा. बॅकप्लेट आणि ड्रमच्या फटीत पहार घालून उचकटू नका, प्लेट वाकली की ब्रेक आयुष्यभर घासतो. चावी एक्सलच्या खाचेत राहते किंवा खाली पडते, ती जपून ठेवा.

कडेचा टवका जिथे उडाला आहे तिथून आत चीर गेली आहे का, हे सगळ्यात आधी बघायचं. ड्रम हबमधून दोरीने टांगा आणि लहान हातोडीने हलके वाजवा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर बरं. फुटक्या मडक्यासारखा आला तर तडा आहे आणि तो ड्रम पुन्हा लावायचा नाही, कितीही दुर्मिळ असला तरी. नाद चांगला आला तरी टवक्याच्या जागी रंगद्रव्याची चाचणी करून घ्या. लाल द्रव लावून पुसलं की चीर असेल तिथे रेघ उमटते. लेथवर ड्रम घासायचा असेल तर मूळ व्यासापेक्षा ०.०६० इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, यापलीकडे जायचं नाही, आणि डावा-उजवा दोन्ही सारखे ठेवायचे.

एक्सलचा टेपर आणि हबचं भोक बोटाने चाचपून बघा. ओरखडे किंवा पायरी लागली तर हब पूर्वी कधीतरी सैल नटावर चालला आहे. मार्किंगची निळी शाई एक्सलवर अगदी पातळ लावा, हब हाताने घट्ट बसवून काढा. आत सगळीकडे सारखी निळाई उमटली तर बैठक चांगली आहे. एकाच कडेला उमटली तर बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने दोन्ही एकमेकांवर घासून बैठक करता येते, पण चावी काढून आणि हलक्या हाताने.

परत बसवताना टेपर दोन्हीकडून थिनरने पुसून कोरडा ठेवा. पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायचा मोह होतो. नका लावू. तेल लावलेला हब त्याच जोराने टेपरवर जास्त आत चढतो आणि हब फुटण्याचा धोका वाढतो. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावा, ते टेपरवर येणार नाही असं. चावी नीट बसली आहे आणि हबच्या खाचेच्या तळाला अडत नाही हे बघा, अडली तर हब टेपरवर बसण्याऐवजी चावीवर बसतो.

नट किमान १४० ते १४५ फूट-पाउंडांनी आवळायचा. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा: ६५ किलो वजनाचा माणूस नटाच्या केंद्रापासून बरोबर एक फुटावर पान्याच्या दांड्यावर उभा राहिला की तेवढा जोर लागतो. चाक लावून, गाडी जमिनीवर, गुटके लावून हे करा. पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, कधीही मागे सैल करून नाही. नवी स्प्लिट पिन, जुनी सरळ करून नाही. आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर पिन काढून नट पुन्हा आवळून बघा. पहिल्या धावेत टेपर थोडा आत बसतो, तेव्हा नट बहुधा एखाद्या खाचेइतका पुढे जातो.